कार्ड आहे, पुढे काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘ज्येष्ठांचे आरोग्य’. मी त्यांना म्हटलं, पथ्यपाणी आणि योगासनं सांगणारे खूप आहेत, तुमच्या मोबाइलवर रोज सकाळी ते येतच असतात. मला जे येतं ते वेगळं आहे. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. हे पद काय असतं ते पुष्कळांना माहीत नसतं. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, नातेवाईक विचारतात ‘खर्च किती?’, आणि मग त्यांना ज्या खोलीत पाठवतात त्या खोलीत मी बसत असे. तेव्हा मी आज बोलणार आहे त्या खोलीबद्दल. म्हणजे सरकारी आरोग्य विमा, त्याचे कागद, आणि ते कागद वेळेवर उपयोगी पडावेत म्हणून आपण या चार विंगमध्ये काय करू शकतो याबद्दल.

आधी एक अडचण मोकळेपणाने बोलते. आपल्यासारख्या घरांत या योजनांची जरा लाज वाटते. ‘ते गरिबांसाठी असतं’, ‘आपला फ्लॅट आहे, आपल्याला कसं मिळेल’, ‘फुकटाचं नको’. गेल्या महिन्यात बी विंगमधल्या एका काकांनी मला हेच सांगितलं, वर म्हणाले, ‘ताई, रांगेत उभं राहायचं वय नाही आता.’ मी त्यांना विचारलं, काका, तुम्ही नोकरीत असताना टॅक्स भरलात ना? मग हे फुकटचं कसं? त्यांची पेन्शन चांगली आहे. पण चांगली पेन्शन म्हणजे महिन्याचा किराणा, लाइट बिल, मेंटेनन्स आणि गोळ्या. आठ दिवसांचं आयसीयू पेन्शनमधून जात नाही, ते मुलांच्या एफडीमधून जातं, आणि मुलं ते बोलून दाखवत नाहीत.

आता नेमकं काय आहे ते सांगते. २०१८ साली आयुष्मान भारत योजना सुरू झाली तेव्हा ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतल्या यादीवर बेतलेली होती. त्या यादीत आपल्यापैकी जवळजवळ कोणीच नव्हतं. त्यामुळे ‘आपलं नाव नाही’ हे तेव्हा खरं होतं. पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार या योजनेतून मिळू शकतात. त्या कार्डाचं नाव ‘आयुष्मान वय वंदना’. उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, फक्त आधार. जुना मधुमेह असो, हृदयात स्टेंट असो, थांबण्याचा कालावधी नाही, पहिल्या दिवसापासून लागू. खाजगी विमा काढला की जुन्या आजारासाठी तीन-तीन वर्षं थांबायला लावतात, ते इथे नाही. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. फक्त सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. त्यांनी घाई करू नये, आपली चालू सोय आधी नीट समजून घ्यावी.

एक बारकावा. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. मुलगा-सून त्यात वाटेकरी नाहीत.

सत्तरीच्या आतल्यांचं काय? तर आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांपुरती होती, आणि मर्यादा दीड लाखाची होती. १ जुलै २०२४ पासून पांढरं रेशनकार्ड असलेलं कुटुंबही तिच्यात आलं आणि मर्यादा ५ लाख झाली. म्हणजे ज्या कार्डावर धान्य मिळत नाही म्हणून आपण ते माळ्यावरच्या सुटकेसमध्ये टाकलंय, ते आज घरातला महत्त्वाचा कागद आहे. आज घरी गेल्यावर ते काढा आणि त्यावरची नावं वाचा. माझ्या अनुभवात दहातल्या सात कार्डांवर गडबड असते. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचं नाव आहे, सून येऊन दहा वर्षं झाली तरी तिचं नाही. आई आता आपल्याकडे राहते पण तिचं नाव गावाकडच्या थोरल्या भावाच्या कार्डावर. रेशनिंग ऑफिसात ही नावं बदलायला वेळ लागतो, आणि छातीत दुखायला लागल्यावर तो वेळ नसतो.

नावांचंच आणखी एक. आपल्या बायकांची तीन-तीन नावं. माहेरचं, सासरचं, आणि शेजारणी हाक मारतात ते. आधारवर सुमती, रेशनकार्डावर सुमन. माणूस तीच आहे हे सगळ्या विंगला माहीत आहे, पण कॉम्प्युटरला माहीत नाही. आणि जन्मतारीख! आपल्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. हसू नका, माझ्या स्वतःच्या मोठ्या बहिणीची तीच आहे. वय वंदना कार्डासाठी आधारवरचं वय धरतात. खरं वय ७२ आणि आधारवर ६८ असेल तर कार्ड निघणार नाही. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून पुरावा हातात असल्याशिवाय बदलायला जाऊ नका.

आता मोबाइल. आधारला जोडलेला नंबर कोणाचा आहे हे घरोघरी विचारून बघा. एकाचा मुलाचा निघतो, आणि मुलगा बंगळुरूला. एकाचा बंद पडलेल्या सिमचा. ओटीपी तिकडे जातो आणि आजोबा इकडे वाट बघत बसतात. बोटांचे ठसे या वयात उमटत नाहीत, आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांचे तर नाहीतच. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांची बुबुळंही मशीन ओळखेलच असं नाही. यावर उपाय म्हणून आयुष्मानच्या अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. माणसाला खिडकीपाशी उजेडात बसवायचं, चष्मा काढायचा, फोन समोर धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं. पक्षाघात झालेल्या माणसाला ती उघडझाप लगेच जमत नाही, दोनतीनदा करावी लागते. म्हणून हे काम घाईत असलेल्या माणसाकडे देऊ नये. आपल्या सोसायटीत कॉलेजला जाणारी मुलं आहेत, त्यांना हे दोन मिनिटांत येतं. त्यांना फक्त एवढं सांगायचं की आजींवर खेकसू नका.

आणि एक धोक्याची गोष्ट. कार्डाला पैसे पडत नाहीत. ‘तुमचं आयुष्मान कार्ड मंजूर झालंय, लिंक दाबा, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. आणि कृपा करून आधारचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपवर आता जुने भाडेकरूही आहेत.

इथपर्यंतचं बऱ्याच ठिकाणी सांगतात. शिबिरं होतात, कार्डं वाटतात, फोटो निघतात. माझं खरं म्हणणं इथून पुढे आहे. कार्ड निघालं म्हणजे काम झालं असं आपण धरतो, आणि तिथेच फसतो.

मी नोकरीत असताना पाहिलेली एक गोष्ट सांगते. दुसऱ्या भागातल्या सोसायटीतल्या एक आजी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. घरात योजनेचं कार्ड होतं. मुलगा घाबरला, रिक्षा केली, सर्वांत जवळच्या रुग्णालयात गेला. तिथे डिपॉझिट मागितलं, त्याने भरलं. ऑपरेशन झालं, आजी चालायला लागल्या. बिल भरून झाल्यावर तो फाइल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मॅडम, कार्ड होतं आमच्याकडे, आता पैसे परत कसे मिळतील?’ ते रुग्णालय योजनेत नव्हतं. आणि या योजना कॅशलेस आहेत, आधी खर्च करून नंतर बिलं दाखवायची पद्धत त्यांत नाही. त्याला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. रिक्षाने आणखी पंधरा मिनिटं गेलं असतं तर योजनेतलं रुग्णालय होतं. त्याने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मोडले होते.

त्या मुलाला दोष देता येत नाही. आई ओरडत असताना कोणी यादी वाचत नाही. यादी आधी वाचायची असते.

म्हणून घरात कार्ड असेल तर त्याच्याबरोबर एक चिठ्ठी हवी. हृदयाचं काही झालं तर कुठे, हाड मोडलं तर कुठे, डायलिसिस कुठे. ही तीन नावं वेगवेगळी असू शकतात, कारण रुग्णालय योजनेत असलं तरी त्याचे सगळे विभाग योजनेत असतातच असं नाही. गेटवर बोर्ड असतो, आपण आत जातो, आणि कळतं की इथे फक्त किडनीचं होतं, हृदयाचं नाही. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. हे आधी फोन करून विचारता येतं. आयुष्मानसाठी १४५५५, फुले योजनेसाठी १५५३८८. फोन लागायला वेळ लागतो हे खरं आहे, म्हणूनच तो माणूस आजारी नसताना करायचा.

रुग्णालयात पोचल्यावर पहिलं काम बिलिंग काउंटरला जाणं नाही. आरोग्यमित्र शोधणं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. कधी ते औषधाच्या दुकानाशेजारी कोपऱ्यात असतं, कधी खुर्ची रिकामी असते, तरी ते विचारून विचारून गाठायचं. रुग्ण दाखल होतानाच ‘आम्ही योजनेतून आहोत’ हे सांगायचं. मग रुग्णालय कागद ऑनलाइन पाठवून मंजुरी मागतं. मंजुरी आल्यावर त्या उपचारासाठी रुग्णालयाने वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. कोणी ‘वरचे एवढे भरा’ म्हणालं तर भांडू नका, शांतपणे म्हणा, ‘पावती द्या आणि हे कशाचे ते त्यावर लिहा.’ मी नोकरीत असताना पाहिलंय, या एका वाक्याने निम्मी मागणी तिथेच विरघळते. नाही विरघळली तर पावती घेऊन तक्रार करता येते, जिल्हा पातळीवर त्यासाठी समिती आहे. घरी सोडताना पुढच्या १५ दिवसांची औषधं आयुष्मान योजनेत धरलेली असतात, ती मागून घ्यायची.

काय मिळत नाही तेही सांगते, म्हणजे नंतर मला कोणी बोल लावणार नाही. ओपीडी नाही. रोजच्या बीपीच्या गोळ्या नाहीत. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल व्हायचं म्हटलं तर ते नाही. चष्मा, कवळी नाही. इथे मला आपल्या वागळे इस्टेटमध्ये आयुष्य काढलेल्या मंडळींना एक विचारायचंय. तुमच्यापैकी किती जण ईएसआयमध्ये होतात? निदान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेला कामगार, महिना १० रुपये म्हणजे वर्षाचे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवू शकतो. नोकरीत असताना अपघाताने कायमचं अपंगत्व येऊन काम सुटलं असेल त्यालाही अशी सोय आहे. यात दवाखाना आणि औषधंही येतात, जी आयुष्मानमध्ये येत नाहीत. कंपनी बंद पडली असली तरी तुमचा इन्शुरन्स नंबर बंद होत नाही. जुनी पगाराची स्लिप शोधा, त्यावर तो असतो. पगार मर्यादेच्या वर गेल्यामुळे मधेच ईएसआयमधून बाहेर पडलेल्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी शाखा कार्यालयात जाऊन विचारावं. गेल्या वर्षी मी तीन जणांना घेऊन गेले, दोघांचं काम झालं.

आता ज्या विषयावर आपण सोसायटीत बोलतच नाही तो. आपल्याकडे काही घरांत अपंग प्रौढ माणसं आहेत. मी आकडा सांगत नाही, घरंही सांगत नाही. लहानपणी त्यांना आई-वडील कडेवर घेऊन गणपतीला खाली आणायचे. आता ती तिशी-चाळिशीत आहेत, आई-वडील सत्तरीत, आणि खाली येणं थांबलंय. त्यांच्या आरोग्य विम्याचं काय?

मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. हिचं वैशिष्ट्य असं की यात ओपीडी, औषधं आणि थेरपीही येतात, प्रत्येकाला ठरलेल्या मर्यादेत. पण इथे उलटी पद्धत आहे, आधी खर्च आपण करायचा आणि मग बिलं पाठवायची. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक वेळी पावती घ्यायची, ‘नंतर एकदम देतो’ चालत नाही. नोंदणी दर वर्षी पुढे चालू करावी लागते. आई-वडील थकले की पहिलं विसरतं ते हेच.

त्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठी लागतं ते अपंगत्वाचं प्रमाणपत्र. १ जून २०२१ पासून ते ऑनलाइन, यूडीआयडीच्या पोर्टलवरूनच मिळतं. जुनं, हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर तेही तिथे चढवून घ्यावं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ झाले. पार्किन्सन्स त्यात आहे, तीव्र श्रवणदोष आहे. त्यामुळे ‘म्हातारपणात असं व्हायचंच’ म्हणून सोडून दिलेल्या काही गोष्टी कायद्याने अपंगत्व ठरू शकतात. बोर्ड तपासून ठरवेल, पण अर्ज तर आपण करायचा ना?

आणखी एक, हे आई-वडिलांनी नीट ऐका. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते प्रौढ. ऑपरेशनच्या कागदावर किंवा बँकेत तुमची सही पालक म्हणून आपोआप चालेलच असं नाही. निरामयमध्ये येणाऱ्या अपंगत्वांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येतं. भाऊ किंवा बहीणही पालक होऊ शकते. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही हे मला माहीत आहे, माझ्या टेबलासमोर किती आया तो विचारून रडल्या आहेत. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. हा एक कागद मात्र आहे.

योजनेच्या यादीत न बसणारा आजार निघाला तर? तर आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना घालून दिली. इथे मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. तिथे माझ्यासारखं कोणीतरी, वैद्यकीय समाजसेवक, बसलेलं असतं. डॉक्टरांच्या मागे धावण्याआधी त्यांना गाठा.

हे सगळं ऐकून तुमच्या मनात आलं असेल की एवढं कोण लक्षात ठेवणार? बरोबर आहे. प्रत्येकाने ठेवायची गरजच नाही. माझी कमिटीला विनंती आहे की प्रत्येक विंगला दोन माणसं ठरवावीत, एक निवृत्त आणि एक तरुण. त्यांच्याकडे एक वही. त्यात आजार लिहायचे नाहीत, आधार नंबर लिहायचे नाहीत. फक्त फ्लॅट नंबर, कोणाचं कार्ड आहे, कोणत्या रुग्णालयाची चिठ्ठी केली आहे, कागद कपाटात कुठे आहेत, आणि रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा. एकटे राहणारे आपल्याकडे अकरा जण आहेत, सुरुवात त्यांच्यापासून. लिफ्टच्या दुरुस्तीवर आपण दोन वर्षं चर्चा केली, ही वही एका रविवारी होईल.

त्या वहीत आणखी काही नावं हवीत. आपला रात्रीचा वॉचमन बिहारचा आहे, त्याचं तिकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या रुग्णालयातही चालतं, त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांची केशरी कार्डं गावी पडून आहेत. आपण त्यांना दिवाळीला साडी देतो, तशी एकदा ही चौकशीही करू.

येत्या रविवारी सकाळी १० ते १ मी सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसणार आहे. सी विंगमधली दोन मुलं फोन आणि चार्जर घेऊन येणार आहेत. तुम्ही आधार, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या, झेरॉक्स नको. ज्यांना खाली येता येत नाही त्यांच्या घरी आम्ही दुपारी चारनंतर येऊ. फ्लॅट नंबर वॉचमनच्या टेबलावर लिहून ठेवा. शेजारच्या घरातलं कोणी लिहायला संकोचत असेल तर त्यांना आधी विचारून त्यांचाही लिहा. चहा कमिटीकडून आहे, असं सेक्रेटरी म्हणाले आहेत.